मोबाइलमधली खोली

देवळी,
रविवार

प्रिय नंदिनी,

तुझा निरोप मिळाला. येत्या शनिवारी तुझ्या जुन्या कॉलेजात तुझं व्याख्यान, मी पहिल्या रांगेत बसायचं आणि येताना तो मेलेला मोबाइल आणायचा, स्टेजवरून दाखवायला. मोबाइल सापडला, दुकानाच्या खालच्या ड्रॉवरमध्येच होता. पण तू चारचौघांत माझं नाव घेण्याआधी तुला एक गोष्ट कळायला हवी. ती कळल्यावर नाव घ्यायचं की नाही, ते तू ठरव. फोनवर सांगायला गेलो की तू हसायला लागतेस आणि माझं राहून जातं, म्हणून कागद घेतला. शटर अर्धं ओढून बसलोय.

आधी इकडची खबर. आईने अर्ध्या देवळीला बोलावणं दिलंय. बाजारात वांगी तोलता तोलता सांगते, "माही पोरगी गणिताची डॉक्टर होऊन राह्यली." परवा मनकर्णाबाईंनी विचारलं, मग गुडघ्यावर औषध देते का? आई म्हणाली, "औषध नाई देत, पण गुडघा किती दिवस दुखते ते बरोबर काढून देते." मी दोघींसमोर हसलो, पण खरं सांगतो, छाती माझीही फुगली.

तू बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतीस. आपल्या घरात लॅपटॉप नव्हता आणि मी स्क्रीन नि चार्जिंगची पिन बदलण्यापलीकडे काही करत नव्हतो. तू विचारलंस, गणिताचा तो लिनक्सवाला प्रोग्राम मोबाइलवर चालेल का? मला नाही म्हणता येईना, कारण पाटीवर मीच 'सर्व कामे होतील' असं रंगवून घेतलं होतं. एका गिऱ्हाइकाने सोडून दिलेला मोबाइल घेतला, रूट केला, म्हणजे कंपनीने आत लावलेली कुलपं काढली. तीनदा तो नुसता कंपनीचं चिन्ह दाखवत अडकला, चौथ्यांदा जमलं. मग ते सीएचरूट. तुला सांगितलं होतं बघ, अँड्रॉइड म्हणजे घर, त्यात मी लिनक्सला एक खोली काढून दिली आणि त्याला पटवलं की बाबा रे, हीच सगळी दुनिया. फक्त एक दार ठेवलं, मोबाइलच्या मेमरीत उघडणारं, म्हणजे खोलीत केलेलं तुझं काम बाहेर मेमरीत जमा होत जाईल. मॅक्सिमा, तुझा तो गणिताचा प्रोग्राम, सुरू झाला, तू पहिलं समीकरण टाकलंस आणि तळहाताएवढ्या स्क्रीनवर उत्तर उमटलं. तू अशी उडी मारलीस की माझी स्क्रूंची डबी सांडली. दोन दिवस स्क्रू वेचत होतो, पण तसा दिवस धंद्यात पुन्हा आला नाही.

पुढचे सहा महिने तू त्या मोबाइलला चिकटून होतीस. एखादा आकडा किती तऱ्हांनी फोडता येतो, चार म्हणजे तीन नि एक, दोन नि दोन, असं काहीतरी. त्यात तुला एक ठरावीक चाल दिसली होती आणि मोबाइल ती हजारांच्या आकड्यांपर्यंत तपासून देत होता. उन्हाळी शिबिरासाठी निबंध पाठवायला दहा दिवस उरले आणि मोबाइल मेला. मेमरीची चिप गेली, असं मी सांगितलं. तू त्या दिवशी जेवली नाहीस. दुसऱ्या दिवशी जुनी वही काढून हाताने सुरू केलंस, साठापर्यंत गेलीस, आणि सातव्या सकाळी आईच्या टोपल्यांपाशी बसल्या बसल्या ओरडलीस, की मोबाइल नुसतं 'हो' म्हणत होता, 'का' ते मला आत्ता दिसलं! आईला वाटलं विंचू चावला. त्याच निबंधावर तुझी निवड झाली. तेव्हापासून तू सगळीकडे सांगतेस, चिप मेली म्हणून मला गणित सापडलं. शनिवारी पण तेच सांगणार असशील.

मागच्या महिन्यात स्वीटी नावाची मुलगी आली, अल्लीपूरची, अकरावीतली. म्हणाली, "दादा, नंदिनीताईसारखं माह्या मोबाइलात टाकून द्या ना." टाकून दिलं. आता पाच मुलींकडे आहे. तिने विचारलं, हे कधी काढायचं असलं तर? मी म्हटलं, आधी दार बंद कर, मगच खोली पाड. दार उघडं राहिलं तर खोलीबरोबर मोबाइलची सगळी मेमरी पुसली जाते. ती म्हणाली, "तुमाले कसं माईत?" मी स्क्रू शोधायला खाली वाकलो.

नंदिनी, चिप गेली नव्हती. मेमरी भरली होती आणि मला तुला न सांगता नवी खोली टाकून चकित करायचं होतं. जुनी खोली एका आज्ञेत पाडली. दार उघडंच होतं. लक्षात येऊन थांबवेपर्यंत तुझे सहा महिने गेले होते. तुझा माझ्यावरचा विश्वास जाईल या भीतीने बिचाऱ्या चिपवर ढकललं. आजही गिऱ्हाइकाला 'चिप गेली' म्हणताना जीभ अडखळते. शेवट चांगला झाला म्हणून माझी चूक चूक राहत नाही, असं समजू नकोस. तो शेवट तुझ्या डोक्याने नि त्या वहीने झाला, त्यात माझा वाटा नाही. माझा वाटा एवढाच की ती खोली मी बांधली होती, आणि तिचा मला अजून अभिमान आहे. मोबाइल मेलेला म्हणून दाखवू नकोस. काल त्याला चार्जिंगला लावलं होतं. शनिवारी घेऊन येतो, बटण तू दाब. सुरू होतो.

तुझाच, हे वाचून झाल्यावरही तुझाच,
धर्मेंद्रदादा