शाश्वत दिलीप

लातूर, मंगळवार, संध्याकाळ

भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये मी शिकवायचो ती चौथी भरायची. पोरं एका सुरात कविता म्हणायची आणि वरचा पत्रा झणझणायचा. आज दिवसभर तो आवाज कानात आहे, कारण आजचा वर्ग अगदी गप्प.

निवृत्तीनंतर शाळेनं मला आठवड्याला पर्यावरणाचा एक तास दिलाय. फळ्यावर ‘शाश्वत विकास’ लिहिलं नि विचारलं, हे काय? तिसरीतली आर्या तेवढी बोलली, “गुर्जी, असा पोरगा आमच्या वर्गात न्हाई. शाश्वत दिलीप हाय.” मुलाचं नाव, मग बापाचं! मी हसलो. मागं बसलेल्या मुख्याध्यापिकाबाई हसल्या नाहीत. “सर, चार पर्याय द्या आणि उत्तर पाठ करून घ्या. पालक आत्तापासून खासगी क्लासचं बघून राहिलेत. जमत नसेल तर तुमचा तास गणिताला देते.”

उद्यालाही पुरेल ते शाश्वत, हे चार पर्यायांत कोंबायचं कसं? मी म्हटलं, पोरांकडून खड्डा खणून घेतो. डब्यातलं उरलेलं त्यात टाकू, खत करू, रोपवाटिकेला विकू. हरित अर्थव्यवस्था म्हणजे आणखी काय असतं? तर बाई म्हणतात, “खड्ड्याला गुण किती?”

शाश्वत दिलीप... अजून हसू येतंय, आणि संतापही. कुणाचा? बहुतेक माझाच. तो जड शब्द आधी फळ्यावर लिहिलाच कशाला?

एवढं लिहिलं नि कडी वाजली. दारात बाई. हातात भाजीच्या देठांची पिशवी.

“सर, खड्डा किती खोल लागतो?”