रेगे गाणाऱ्या मुलीचा बाप

दादा, तुमच्या स्मृतिदिनाला यंदा मला दिघीच्या सभागृहात बोलावलं होतं. निवेदकानं ओळख करून दिली, "आपल्या शाहिरांची लेक." माझे तीन अल्बम निघालेत, हे त्याला ठाऊक नव्हतं, किंवा सांगावंसं वाटलं नसेल. शाल दिली आणि तुमचं एखादं गाणं म्हणा म्हणाले. मी नाही म्हटलं. पुढच्या रांगेत कुणीतरी पुटपुटलं, "बापाच्या नखाची सर नाही, आणि माज बघा."

चाकणच्या कंपनीत इन्स्पेक्शनला होते, तेव्हा शिफ्टच्या बसमध्ये शेजारच्या पोरीनं माझ्या कानात इअरफोन घातला आणि मी पहिल्यांदा रेगे ऐकलं. तिकडं जमैकातल्या गरीब वस्त्यांतलं गाणं. बेस पोटात वाजतो, लोक नाचत असतात आणि गाणारा नाचवता नाचवता मालकाला, पोलिसाला सुनावत असतो. मला वाटलं, हे तर आपल्याच घरातलं. भीमगीतं गात गावोगाव फिरणारी तुमची गायन पार्टी दुसरं काय करत होती? म्हणून मराठीत लिहिलं आणि आधी तुम्हालाच ऐकवलं. आई भाकरी थापतेय, तुम्ही ताटावर बसलाय, मी मोबाईल पुढं धरलाय. पहिलं कडवं संपायच्या आत तुम्ही ताट सरकवता.

"हे गाणं हाय? अडलेली म्हैस अशी वरडती."

आई हसली. ते जास्त लागलं.

"दादा, शब्द तरी ऐका."

"शब्द माझ्याकडनं उचललेस, चाल परक्याची. तुझं काय हाय त्यात?"

पहिला अल्बम कासारवाडीच्या एका भाड्याच्या खोलीत केला. रेल्वे गेली की गाणं थांबवायचं, पुन्हा पहिल्यापासून. कार्यक्रम ठरवणारे म्हणायचे, मराठीत रेगे कोण ऐकणार? आपले लोक म्हणायचे, हा धिंगाणा आपल्या स्टेजवर नको. मिरवणुकीत डीजेवाले माझंच गाणं लावायचे, नाव मात्र भलत्याचंच सांगायचे. दुसऱ्या अल्बमनंतर राजगुरुनगरच्या भीमजयंतीला तुमच्या पार्टीआधी मला एक गाणं मिळालं. पोरं उठून नाचायला लागली होती, दादा. तुम्ही मध्येच येऊन माझ्या हातातला माईक घेतलात. "पोरीला हौस हाय, माफ करा. आता गाणं ऐकू." सगळं मैदान हसलं. नाचणारी पोरंही हसली आणि खाली बसली.

तुमच्या शेवटच्या आजारात दवाखान्यात मीच असायचे. एकदा तुमचे ढोलकीवाले काका भेटायला आले. मी तुम्हाला कुशीवर वळवत होते, आणि तुम्ही माझ्या खांद्यावरून त्यांना म्हणालात, "माझ्या पुण्यानुमोदनाला हिला माईक देऊ नका." काकांनी माझ्याकडं बघितलं. मी चादर नीट केली. त्यांनी शब्द पाळला. तुम्ही गेल्यावर त्या विधीला पार्टी दिवसभर गात होती आणि मी पंगतीत वरण वाढत होते.

तिसरा अल्बम तुम्ही गेल्यावर केला. एका गाण्यात ओळीचा शेवटचा सूर ओढताना तुमची जागा आली, तीच खरखर, तोच हेलकावा. रेकॉर्डिस्ट काचेपलीकडून म्हणाला, "ताई, ही जागा लय भारी आलीय. कुठून आणली?"

"काढून टाक."

"अहो, सगळ्या गाण्यात तेवढीच तर..."

"काढ म्हटलं ना."

त्यानं काढली. तोच अल्बम चालला. आता चाकणला कंपन्यांच्या बसमध्ये पोरी तो लावतात, आणि तुमचं नाव त्यांतल्या एकीलाही माहीत नाही. त्या जागेवाचून कुणाचं काही अडलं नाही. हे तुम्हाला कळायला हवं होतं, एवढ्यासाठीच लिहितेय. पाठवायचा प्रश्न नाही. तुम्ही असता तरी पाठवलं नसतं. फक्त रियाजाला बसले की ती जागा आपोआप गळ्यात येते. मी तिथं थांबते, पाणी पिते आणि पुढच्या ओळीपासून सुरू करते.