कातड्याचं दुसरं टोक

वेलेन्ये, जून

प्रिय बाबा,

तिकडे इद्रियाला तुम्ही दोघं बरी असाल. आईची लेस विणून झाली का? मी पोटभर जेवते. खाणीत हवाही चांगली खेळते.

पहिल्याच दिवशी आमच्या पाळीतल्या म्हाताऱ्या श्टेफानकाकांनी चिडवलं, "पोरी, हा कोळसा आहे. तुझ्या बापाच्या खाणीतल्या पाऱ्यासारखा हातातून पळायचा नाही!" परवा छत करकरलं, तेव्हा त्यांनीच मला मागे ओढलं. कुणाला काही लागलं नाही.

जुलैच्या खाणकामगारांच्या सणात आम्हा नव्यांना बीअरचा पेला संपवून, दोघांनी ताणून धरलेल्या जुन्या खाणकामगारी पोशाखाच्या कातड्यावरून उडी मारायची आहे. मगच आम्ही खाणकामगार. कातड्याचं एक टोक श्टेफानकाका धरतील. दुसरं माझे बाबा धरतील, असं मी सांगून टाकलंय. मुलगी खाणीत उतरली म्हणून तुम्ही माझ्याशी बोलत नाही, हे त्यांना ठाऊक आहे. "येईल गं तो, खाणीतलाच माणूस आहे," म्हणाले.

पाऱ्यामुळे हात थरथरतात, हे कारण काढू नका. कातडं हललं तर हलू दे. उडी मी मारणार आहे.

खाणीत उतरायला घरून निघताना तुम्ही आईला म्हणायचात, तेच आता मी म्हणते: सुखरूप!

तुमची,
नेझा