लाल गाडीचे टायर

प्रिय छकुली,

तुझा निरोप मिळाला. 'बाबा, ती गाडी काढून टाका आता.' सहा शब्द. 'एका वाक्यात उत्तरे लिहा' असं मी जन्मभर मुलांना सांगत आलो, त्याची ही फेड म्हणायची. फोनच केला असता, पण गेली चार वर्षं आपण फोनवर बोलतो ते उन्हावर, माझ्या गोळ्यांवर आणि तुझ्याकडे आत्ता किती वाजले ह्यावर. फोनवर मला विषय बदलता येतो गं. कागदावर तसं करायला गेलं की खाडाखोड दिसते. तेव्हा हे पत्र लांबणार, चहा घेऊन बस. अक्षर थोडं थरथरलंय. पण जिनं आठवीत प्रगतिपुस्तकावर माझी सही हुबेहूब ठोकली होती, तिला ते वाचायला जड जाऊ नये.

गाडी ठीक आहे. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी असते. उन्हाकडची बाजू विटलीय आणि भिंतीकडची अजून लालभडक, त्यामुळे दोन बाजूंनी दोन वेगळ्या गाड्या दिसतात. गॅरेजवाल्यानं दुरुस्त करून आणून ठेवली तेव्हापासून दर रविवारी मी ती सुरू करतो, दहा मिनिटं गुरगुरू देतो आणि बंद करतो. रस्त्यावर काढायची माझी छाती नाही. खरं सांगायचं तर ती मला कधी आवडलीच नव्हती. माणसं तीन आणि जागा दोन. मागे राहणार कोण, हे सांगायला गणिताचा मास्तर लागत नाही. तू ती पहिल्यांदा दारात आणलीस तेव्हा तुझी आई कंबरेवर हात ठेवून म्हणाली होती, 'ही गाडी आहे की सपात? ह्यात बसायचं, की पायात घालायची?' आणि पाचव्या मिनिटाला बाई आत बसून, पट्टा लावून तयार. मग दर गुरुवारी तुमची स्वारी मावशीकडे. मी फाटकात उभा. काच खाली करून ती ओरडायची, 'तुम्ही या मागून बसनं, कविता म्हणत म्हणत!' वळणावर तुमचं हसणं आणि इंजिनाचा आवाज एकमेकांत मिसळून जायचे आणि गल्ली एकदम गप्प व्हायची. ती शांतता मला तेव्हा किती हवीशी वाटायची! वही उघडून बसायचो. आता तीच शांतता घरभर आहे, आणि वहीत काही उतरत नाही.

त्या गुरुवारनंतर तू स्टिअरिंगला हात लावलेला नाहीस. इतक्या लांब जाऊनही तिकडे बसनंच फिरतेस, हे मला तुझ्या मैत्रिणीकडून कळलं. मागचा टायर फुटला, गाडी दुभाजकावर गेली, तुझी आई गेली आणि तू राहिलीस. पोलिसांच्या कागदावर 'वाहनाचा वेग अधिक होता' असं एक वाक्य आहे, आणि ते वाक्य तू तोंडपाठ करून बसली आहेस.

तर गाडीचं. समोरचे दातांचे डॉक्टर ती घ्यायला तयार आहेत. गेल्या आठवड्यात आले, पेशंटच्या जबड्यात डोकावावं तसं चारी चाकांत डोकावले आणि म्हणाले, 'सर, बाकी उत्तम, पण टायर सगळे काढावे लागतील.' मी म्हटलं, अहो, नक्षी तर शाबूत आहे. तर म्हणतात, 'दातही वरून शाबूतच दिसतात, सर.' म्हणून सोमवारी ऊन चढायच्या आत निघालो. त्यांनी गाडी चालवली, अगदी मुंगीच्या पावलानं, आणि मी शेजारी. तुझ्या आईच्या जागेवर मी पहिल्यांदाच बसलो. आसन अजून तिच्या उंचीला लावलेलं होतं. माझे गुडघे हनुवटीला टेकत होते. मागे सरकवायचा खटका डॉक्टरांनी दाखवला. मी म्हटलं, राहू दे.

हमरस्त्यालगतचं ते दुकान चालवते एक पन्नाशीची बाई. कोपरापर्यंत काळे हात, चष्मा दोरीनं गळ्यात, आणि आवाज असा की हेडमास्तर व्हायची. डॉक्टर गाडी सोडून दवाखान्यात गेले. बाईनं एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. 'काय आजोबा, शर्यतीला निघालात?' मी म्हटलं, चार टायर द्या चांगलेसे. 'चांगलेसे म्हणजे? टायर गाडी बघून देत नसतात, माणूस बघून देतात. चालवतं कोण?' डॉक्टर चालवतात, एवढंच सांगायचं होतं गं. पण माझ्या तोंडून निघालं, 'माझी मुलगी.' कशी चालवते, तिनं विचारलं, आणि मी सुटलोच. वेग वळणाआधी उतरवते, वळणात नाही. मोकळा रस्ता दिसला की सोडत नाही, पण आईचा हात दाराच्या मुठीकडे गेला की पाय सैल करते. ह्यातलं मी काहीच पाहिलेलं नाही; तुझी आई गुरुवारी जेवताना सांगायची, घास हातात तसाच ठेवून. बाई ऐकून म्हणाली, 'म्हणजे हात चांगला आहे पोरीचा.' छकुली, चार वर्षांत तुझ्या गाडी चालवण्याबद्दल कुणीतरी चांगला शब्द काढला.

मग तिनं माझी शाळा घेतली. एक टायर होता मऊ रबराचा. रस्ता घट्ट धरतो, वळणाला जिवाला जीव देतो, पण आपल्यासारख्या उन्हात सालभरात पेन्सिलीसारखा झिजतो. दुसरा कडक, वर्षानुवर्षं चालेल, पण रस्ता ओला झाला की ऐन वेळी पाय काढून घेतो. टायरच्या अंगावर उष्णतेची श्रेणी लिहिलेली असते, हेही मला नवीनच. 'ए म्हणजे कितीही तापला तरी डोकं शांत. सी म्हणजे आमचे हे,' असं म्हणून तिनं मागे वर्तमानपत्र वाचत बसलेल्या नवऱ्याकडे अंगठा केला. त्यानं पान उलटलं आणि म्हणाला, 'पण सीलाही गिऱ्हाईक मिळालं ना?' हवा सकाळीच भरायची, चाक गार असताना. दुपारी तापलेल्या टायरमधली हवा जास्त दिसते म्हणून कमी केली की घात. शेवटी आम्ही मधला ठरवला: उन्हाळ्यासाठीच घडवलेला, ना फार मऊ ना फार कडक, श्रेणी ए. आम्ही म्हणजे तिनं. मी नुसती मान हलवली.

जुने टायर काढून तिनं फरशीवर टाकले. एक आपली स्टेपनी, जी गॅरेजवाल्यानं फुटलेल्याच्या जागी बसवली होती. उरलेले तीन मी आणलेले. बाईनं चष्मा चढवला, एकाच्या कडेवर अंगठा फिरवला, मग दुसऱ्याच्या, मग तिसऱ्याच्या, आणि तिचा आवाज उतरला. 'आजोबा, हे कधी घेतले होते?' एकवीस सालच्या मार्चमध्ये, मी सांगितलं. तिनं मला वाकायला लावलं. कडेवर एका लांबट चौकटीत चार आकडे असतात. ३११४. 'चौदा सालातला एकतिसावा आठवडा. तुम्ही घेतले तेव्हाच हे साडेसहा वर्षांचे होते. रबर उभ्या उभ्या म्हातारं होतं, आणि उन्हात जास्तच. वरून नक्षी कोरी दिसते, आतून भाकड झालेलं असतं.' तिनं कड दाबून दाखवली. कोरड्या नदीच्या तळासारख्या बारीक भेगा उमटल्या. मी विचारलं, असा टायर फुटायला वेग किती लागतो? ती म्हणाली, 'भर दुपारच्या डांबरावर? साठालाही फुटेल. चाळिसालाही. त्याला वेग कशाला लागतो?'

ते टायर मी कसे आणले, हे तुला कधी सांगितलं नव्हतं. तू कामासाठी परगावी होतीस आणि हव्या त्या टायरचं नाव कागदावर लिहून दिलं होतंस. माझा एक जुना विद्यार्थी दुकान बंद करत होता, त्याच्याकडे गेलो. 'सर, सर' करत त्यानं खुर्ची दिली, मला जुन्या वर्गातल्या कविता म्हणायला लावल्या. तू लिहिलेलं नाव त्याच्याकडे नव्हतं. मी उठणार, तेवढ्यात वरच्या फळीवर, पत्र्याला टेकून ठेवलेले चार टायर दिसले. अंगावर रबराचे बारीक केस अजून तसेच, नवजात पोरासारखे. आणि नक्षी कशी, तर एक लहान ठोकळा, दोन मोठे. एक लहान, दोन मोठे. लघु, गुरू, गुरू. भुजंगप्रयात! मी तिथेच बोटांवर मोजत पुटपुटलो: यमाचा, यमाचा, यमाचा, यमाचा. गाडी रस्त्यावर धावेल तेव्हा तिच्या पायांखाली एक वृत्त चालत राहील, ह्या कल्पनेनं मी इतका हरखलो की तुझा कागद खिशातच राहिला. त्या विद्यार्थ्याला मी बोल लावत नाही. त्यानं सांगितलं होतं, 'सर, जरा पडून राहिलेला माल आहे.' मी म्हटलं, चांगल्या गोष्टी पडूनच राहतात रे.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. त्या संध्याकाळी तुझा फोन आला होता. तू विचारलंस, 'बाबा, टायरवरची तारीख बघितलीत ना?' टायरला तारीख असते हेच मला ठाऊक नव्हतं. पण चौतीस वर्षं वर्गात उभा राहिलेला माणूस मी, 'मला माहीत नाही' हे वाक्य मी कधी उच्चारलंच नाही. मी म्हणालो, 'हो, बघितली. अगदी नवीन आहेत.' तुला ते आठवत नसेल. मलाही सोमवारी त्या फरशीवर वाकेपर्यंत आठवत नव्हतं. आणि इस्पितळात, तुझा हात गळ्यात बांधलेला असताना, मी तुला पहिला प्रश्न विचारला तो दुखतंय का हा नव्हे. 'किती वेगात होतीस?' तेव्हापासून त्याच प्रश्नाचं उत्तर देत जगते आहेस. तुझ्या आईला तुझ्या वेगानं नेलं नाही, छकुली, माझ्या होकारानं नेलं. त्या टायरवर कागद ठेवून, वरून पेन्सिल घासून आकडे उमटवले आहेत, तो कागद सोबत ठेवतोय. डॉक्टरांना तुझं उत्तर येईपर्यंत थांबायला सांगितलंय. काल पोलीस चौकीतही जाऊन आलो. सगळं लिहून नेलं होतं, सहीसकट. तिथला साहेब भला माणूस, त्यानं पाणी दिलं, कागद वाचला आणि परत माझ्या हातात ठेवला. म्हणाला, 'आजोबा, ही फाइल केव्हाच बंद झाली. घरी जा.' मी घरी आलो आणि तुला लिहायला बसलो. तुझ्यापाशी ती रोज उघडते, हे मला ठाऊक आहे. तिच्यावरचं तुझं नाव खोड, पोरी, आणि तिथे माझं लिही.

तुझाच,
बाबा