पूजा झालेला टूलपोस्ट

आप्पा, आज चिडूनच लिहायला बसलोय. अक्षराला हसू नका, चौथीनंतर शाळा तुम्हीच सोडवलीत आणि नौपाड्याच्या आपल्या शेडमध्ये लेथवर उभं केलंत. त्याची तक्रार नाही. तक्रार त्या टूलपोस्टची आहे.

आपला लेथ लहान. हत्यार धरणारा जुना टूलपोस्ट चिरला, तेव्हा मी दोनदा मापं घेऊन सांगितलं होतं, की एका बोल्टचा साधा आणा, त्यात हत्यार वरखाली करता येतं. चौकोनी नको, तो आपल्या लेथला उंच पडेल. तुम्ही एकटेच कल्याणला गेलात आणि चार हत्यारं धरणारा चौकोनी घेऊन आलात. का, तर दिसायला भारदस्त. दुसऱ्या दिवशी दसरा. झेंडूची माळ घालून, कुंकू लावून तुम्ही त्याची पूजा केलीत. मग लेथवर चढवला, तर हत्याराचं टोक कातायच्या जॉबच्या मध्याच्या वर. नुसतं घासतंय, कापत नाही.

मी म्हणतो, "बदलून आणू. नाहीतर तळ थोडा उतरवून घेऊ."

तुम्ही म्हणता, "पूजा झालेली वस्तू परत करतात होय रे? आणि कानस लावायची? उद्या म्हणशील गणपतीचं पोट मोठं आहे, मखरात मावत नाही, तासा."

शेजारचा सुतारसुद्धा हसला. मग टोक खाली यावं म्हणून मी हत्यारंच घासून पातळ करत बसलो. पातळ हत्यार थरथरतं, जॉबवर लाटा उठतात, हे तुम्हाला माहीत नव्हतं असं मला सांगू नका. बाळकुमचे भातगिरणीवाले मी कातलेला बुश, आसावर बसणारी ती नळी, परत घेऊन आले, त्यावर नख फिरवून म्हणाले, "मास्तर, हा बुश आहे का कंगवा?" आणि तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "पोराचा हात अजून बसलेला नाही."

आप्पा, माझा हात बसलेला होता. त्या टूलपोस्टाच्या आधीची माझी कामं तुम्हीच गिऱ्हाइकांना दाखवत होता. पण ते एक वाक्य ठाण्यात पसरलं. नाजूक काम आलं की लोक मला ओलांडून तुमच्याकडे बघायचे, आणि तुम्ही ते बघू देत होता. याचा राग अजून जात नाही. रात्री औषध घेतलं की नाही हे आठवत नाही, हे मात्र आठवतं.

तुमचं तेरावं झाल्यावर मी कानस घेतली आणि टूलपोस्टाचा तळ उतरवला. जाड हत्यारं लावली. बुश आरशासारखा निघाला. गिरणीवाले तो उजेडात धरून म्हणाले, "बसला बरं का तुझा हात. आप्पा असायला हवे होते."

खरं काय ते सांगायला तोंड उघडलं होतं. पण गेलेल्या माणसाला परक्यासमोर खोटं कसं पाडायचं?

"हो, बसला," म्हणालो मी. त्यानंतरही कोणी विचारलं, की हेच सांगत आलोय.