मायच्या फोटोतली तू

प्रिय शीला,

तू गेलीस, रविवारी तुझं पुण्यानुमोदन आहे आणि समोर ठेवायला तुझा एकही फोटो नाही. आधार कार्डावरचा मोठा करून बघितला, नुसते काळे ठिपके आले. म्हणून काल सुजाता मुखेडला तुझ्या खोलीवर शोधायला गेली. परत आली ती चप्पल न काढताच आत आली आणि माझ्यापुढे एक खाकी पाकीट ठेवलं. आत एक निगेटिव्ह. पाकिटावर तुझं अक्षर : "शीला, मायच्या लुगड्यात. अक्काने बसवली."

पोरीने एकदा भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. म्हणाली, "मम्मी, ही आजी नाही?"

मी तिला आधी हातपाय धुवायला सांगितलं, मग जेवायला. सगळी नोकरी कचेरीत लोकांना उत्तरं देण्यात गेली माझी, आणि लेकीला तेवढं एक उत्तर लगेच देता आलं नाही. आता ते सगळ्यांसमोर द्यायचं आहे. त्याआधी तुला द्यावं, म्हणून लिहिते आहे.

तुला ते वर्ष आठवत असेलच. लातूर नवा जिल्हा झालेला, नव्या कचेरीत माणसं भरत होते, आणि बी.ए. झालेली मी कारकून म्हणून लागले. पाऊस दोन वर्षं नव्हता. माय दुष्काळी कामावर तलावाची माती वाहत होती. आता तू जाऊ नको, मला पगार सुरू झालाय, असं मी म्हटलं तर म्हणाली, तुझ्या पगाराचं तू बघ. त्याच उन्हाळ्यात एका दुपारी तिला उलट्या सुरू झाल्या आणि दोन दिवसांत ती गेली.

तू तेव्हा मुखेडच्या स्टुडिओत काम शिकत होतीस. बाई फोटो काढते म्हटल्यावर खेड्यातल्या बाया न लाजता येतात, म्हणून मालकाने तुला ठेवलं होतं. त्याचा तो छातीशी धरायचा, वरून आत बघायचा कॅमेरा घेऊन तू एका संध्याकाळी तलावावर गेलीस. उजेड उतरलेला. मायने घमेलं खाली ठेवलं आणि मान हलवली, "नको काढू गं, धुळीनं भरून राहिले मी." तू तेवढ्यात काढलास.

तोच मायचा एकुलता एक फोटो. आणि तो हललेला! डोळे दोनाचे चार, गाल पसरलेले, नाक कुठं सुरू होतं ते कळत नाही.

वर्षश्राद्ध आम्ही करत नाही, पण मायच्या पहिल्या स्मृतिदिनाला माझ्या क्वार्टरवर बुद्धवंदना ठेवली होती. कचेरीतले लोक येणार होते. त्यांच्या घरी बैठकीत आई-वडलांचे नीट फोटो, हार घातलेले. माझी भिंत कोरी. तू मोठ्या हौसेने तो फोटो मोठा करून आणलास आणि मी म्हटलं, ही माय नाही, भूत आहे. फेकून दे.

"अक्का, माय अशीच व्हती," तू म्हणालीस. "कधी एका जागी थांबली का ती?"

मी ऐकलं नाही. तुझा तोंडवळा मायचा, हे सगळं गाव म्हणायचं. मी ट्रंकेतून तिचं लुगडं काढलं आणि तुला तुझ्याच स्टुडिओत स्टुलावर बसवलं. केसांत पावडर मी चोळली. ओठांच्या कडेच्या रेघा पेन्सिलीने मी ओढल्या. तू बावीस वर्षांची होतीस, शीला.

"मी मेले न्हाई अजून, अक्का."

मी काय म्हटलं? तासाभराचं काम आहे, तोंड नीट कर. एवढंच. आणि तू केलंस. मालकाने बटण दाबलं.

घरी आलेला प्रत्येक माणूस त्या फोटोपुढे म्हणतो, तुमच्या आईचा चेहरा किती करारी. मी हो म्हणते. तो करारीपणा नव्हता. तू माझ्यावर संतापली होतीस. मला ते तेव्हाही कळलं होतं.

पहिल्याच वर्षी चुलती गावाहून आली. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू. फोटोला हात लावून म्हणाली, "आता बोलतीच बघा जाऊबाई," आणि रडायला लागली. त्यानंतर खरं सांगायची सोय उरली नाही. का मला ती नकोच होती? आणि वर कडी म्हणजे, तू धाकटी, तूच फुलं वाहा, असं मी दर वर्षी तुला पुढे करायची. स्वतःच्या फोटोला तू स्वतःच्या हाताने फुलं वाहायचीस. एकदाही नाही म्हणाली नाहीस. का नाही म्हणालीस? भांडायचं होतंस! तुझ्या तोंडाला कुणी कुलूप घातलं होतं?

मात्र दर वर्षी वंदना झाली, माणसं पांगली, की तू तो जुना कॅमेरा काढायचीस आणि भिंतीपुढे उभी राहायचीस. मी वैतागायची. फोटोचा कसला फोटो काढतेस, त्या काचेत सगळं तुझंच तोंड येत असेल, म्हणायची. काच पुसू का, विचारायची. "पूस. चांगली पूस," म्हणायचीस तू. मी पदराने पुसायची.

तुझ्या बाकीच्या कामातलंही मला काही कळलं नाही. कॅमेराच न घेता फोटोच्या कागदावर ज्वारीचं कणीस ठेवायचं, मायच्या फुटक्या बांगड्या ठेवायच्या, कागद उन्हात धरायचा आणि त्यांच्या पांढऱ्या सावल्या उमटवायच्या. नांदेडला तुझं प्रदर्शन लागलं तेव्हा आले होते मी. एका सावलीपुढे उभी राहून विचारलं, यात बघायचं काय? तू चहा आणायला गेलीस. तू येईपर्यंत मी एसटी पकडायला निघून गेले होते. मागाहून पेपरवाल्यांनी तुझ्याबद्दल छापलं, तर मी ते कात्रण कचेरीत दाखवत फिरले. तुला मात्र कधी बोलले नाही.

काल जेवण झाल्यावर सुजाताने तुझ्या खोलीवरून आणलेली पेटी उघडली. वर्षवारी लावलेले छत्तीस फोटो. सगळ्यांत तीच माझी भिंत, तीच चौकट, आणि काचेत तू. बटण दाबताना मान वर करायचीस, त्यामुळे चेहरा पूर्ण आलाय. पहिल्यात काळ्या केसांची पोर पावडर लावलेल्या म्हातारीत उमटलीय. मग तुझे केस पिकत जातात. मधल्या एकात दोन्ही चेहरे असे एकावर एक बसलेत की सुजाताला काच कुठली आणि फोटो कुठला ते ओळखेना. त्यानंतर तू पुढे निघून जातेस. तूच मोठी, आणि भिंतीवरची धाकटी.

एकदा तू हसत म्हणाली होतीस, म्हातारपणी मी कशी दिसेन ते मला केव्हाचंच ठाऊक आहे. मला वाटलं, चेष्टा करतेस.

मग मी सुजाताला सगळं सांगितलं. ऐकून तिने एवढंच विचारलं, "मग आजी कशी होती?"

मी डोळे मिटले. आणि शीला, माय आली नाही. तू आलीस, पावडर लावलेली. किती वेळ बसले, तरी तूच. तुझा चेहरा मी घेतला तो घेतलाच, त्याच्यापायी मायचाही घालवून बसले.

पेटीच्या तळाशी तो हललेला फोटो होता. मी फेकायला सांगितलेला. तो हातात धरल्यावर आठवलं की मायची मान आधी हलायची आणि नको हा शब्द मागून यायचा. जेवायला बस म्हटलं तरी नको, नवं लुगडं घे म्हटलं तरी नको. त्या चार डोळ्यांत ते सगळं आहे. तू तेव्हा बरोबर सांगत होतीस. माझी चूक झाली.

रविवारी समोर भिंतीवरचा हाच फोटो असेल, तुझा म्हणून. वंदना सुरू व्हायच्या आधी मी उठेन आणि तो कुणाचा, कुणी काढायला लावला, कसा, हे स्वतः सांगेन. सुजाताला सांगायला लावणार नाही. लोक काय म्हणायचं ते म्हणोत. आणि फुलं मी वाहीन, सगळ्यांत आधी. हा माझा शब्द.

तुझी
अक्का

आज सुजाताच्या हवाली केलं ते : भिंतीवरचा फोटो, चौकटीसह, एक. मागच्या पुठ्ठ्यावरचं मायचं नाव खोडून तिथे तुझं पूर्ण नाव, पंचशीला, लिहिलं आहे. त्याची निगेटिव्ह, पाकिटासह, एक. काचेतले फोटो, छत्तीस. तिने मोजून घेतले.

मायचा फोटो, एक. हा दिलेला नाही.