एरंडेलाचा धूर

बाबा, आज सकाळी इथे भोपाळच्या कोटऱ्यात आमच्या खालच्या मजल्यावरचे गृहस्थ कित्येक वर्षं उभ्या असलेल्या स्कूटरला लाथांवर लाथा घालत होते. मला राहवेना. गॅलरीतून ओरडले, "भैया, पहले प्लग तो खोलो!" ते चपापून वर बघत राहिले. पांढऱ्या केसांची बाई प्लगची भाषा बोलते म्हणजे काय! आत येऊन मी पोटभर हसले आणि तुम्हाला लिहायला बसले.

राज्यांची नवी मांडणी झाली आणि तुमच्या कचेरीपाठोपाठ आपण नागपूरहून भोपाळला आलो. मी नुकतीच मॅट्रिक झाले होते. कॉलेज घरापासून लांब, टांग्याचा भरवसा नाही, म्हणून आईने ठरवून टाकलं की मला नागपूरला मामाकडे ठेवायचं. मला तुम्हाला सोडून कुठेच जायचं नव्हतं. तुम्ही आईशी वाद घातला नाहीत, सरळ घरमालकांच्या रिकाम्या तबेल्यात शिरलात. तिथे त्यांची टू-स्ट्रोक मोटरसायकल होती, इंग्रजांच्या काळात घेतलेली आणि नंतर कोणी हातही न लावलेली. "ही चालली तर पोरीला मी सोडीन कॉलेजला," तुम्ही म्हणालात. घरमालक हुक्का बाजूला ठेवून आपल्या भोपाळी बोलीत म्हणाले, "को खां, कायको मेहनत कर रिये हो? ये नी उठने की. उठ गई तो आप ही चलाओ."

मी उत्साहाने किकवर पाय ठेवला आणि तुम्ही केवढ्यांदा ओरडलात! "आजाऱ्याला आधी लाथ मारतात का?" मग तुम्ही प्लग काढता, त्या भोकातून एरंडेलाचे थेंब सोडता आणि गाडी रात्रभर तशीच ठेवता. सकाळी गिअरमध्ये टाकून मागचं चाक हाताने हळूहळू फिरवता. आधी काहीच हलत नाही. मग आत काहीतरी सुटतं आणि चाक फिरतं. भोकावर माझा अंगठा ठेवायला लावता. हवा अंगठा ढकलून फट्‌कन बाहेर येते. "दम आहे!" तुम्ही म्हणता, पण तेवढ्यावर थांबत नाही. या इंजिनाला वर दम लागतो तसा खालीही लागतो, म्हणून इंजिनाच्या खालच्या बंद पेटीच्या सांध्यांना कपड्याच्या साबणाचा फेस फासता आणि पुन्हा चाक फिरवता. एकही बुडबुडा येत नाही, म्हणजे हवा कुठून गळत नाही. प्लगच्या टोकाशी निळी ठिणगी उडते तेव्हा आपण दोघंही ओरडतो.

जुनं पेट्रोल काढून नवं भरलंत. त्यात तेल मिसळावं लागतं, तर तुम्ही आमच्या रविवारच्या पोटसफाईची एरंडेलाची अख्खी बाटली ओतलीत. घरचीच वस्तू, हात आखडता कशाला घ्यायचा! तिसऱ्या किकला गाडी उठली आणि अंगण पांढऱ्या धुराने भरून गेलं. खाटांवर आईच्या कुरडया वाळत होत्या. ती पदर नाकाला लावून धावत आली. "अहो, काय करून राहिले तुम्ही? वर्षाच्या कुरडया गेल्या माझ्या!" मला वाटलं, आता नागपूर पक्कं. तुम्ही धुरात उभे, तोंड काळं, आणि लहान मुलासारखे हसत होतात. आई तुमच्याकडे बघत राहिली. मग तिलाही हसू आवरेना. "बसवा तिला मागे," ती म्हणाली. "एवढा धूर केला, तर चालते का ते तरी बघा." घरमालकांनी स्वतः फाटक उघडलं.

दोन वर्षं तुम्ही मला रोज सोडलंत. कुरडयांना मात्र तळल्यावरही एरंडेलाचा वास येत होता, आणि आपण त्या निमूटपणे संपवल्या. हे पत्र कुठे पाठवणार, उशीखाली ठेवीन आणि उद्या चादर बदलताना सापडेल. पण एक सांगून टाकते. त्या कॉलेजात मला काय शिकवलं ते धड आठवत नाही, बाबा. मी तुमच्या मागे बसायला मिळावं म्हणून रोज जात होते.